सोळानंतर अठरा

२ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. लगेच फाडू नकोस. पैसे मागायला लिहिलेलं नाही आणि 'ये' म्हणायलाही नाही. आई गेली तेव्हा तू जे पार्सल पाठवलंस त्याच्या खोक्यावर हा पत्ता होता, तो मी कापून ठेवला होता. तिथून तू हलला असशील तर हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने चहाबरोबर वाचावं आणि टाकून द्यावं.

काम एवढंच आहे. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी तू ती वेबसाइट काढली होतीस, तिचा पासवर्ड मला हवा आहे. साइट अजून उघडते, पण नवीन काही लिहायला गेलं की 'व्यवस्थापकाशी संपर्क साधा' असं येतं. व्यवस्थापक तू. तुझ्याशी संपर्क साधणं किती सोपं आहे हे तुला सांगायला नको.

कशाला हवी, तर बाबांसाठी. गेल्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला. चालतात, ऐकू येतं, पण घरातलं फारसं काही ओळखीचं राहिलेलं नाही. मी कधी आई असते, कधी शाळेतली कारकून. सकाळी उठले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि दात मागतात. कवळी मीच बनवली आहे, आमच्या दातांच्या लॅबमध्ये, साच्यापासून पॉलिशपर्यंत. दात बसवले की चेहरा एकदम सरांचा होतो. मग हजेरी घेतात.

नुसते नंबर. वर्गात त्यांनी कुणाला कधी नावाने हाक मारली नाही हे तुला माहीत आहे. नाव घेतलं की लळा लागतो म्हणायचे. एक नंबर म्हणतात, पोराला 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबतात, खुर्चीच्या हातावर बोटाने खूण करतात, पुढचा नंबर. सोळापर्यंत गाडी सुरळीत जाते. सतराला अडते. 'सतरा' म्हणतात आणि थांबतात. पुन्हा म्हणतात. मान वर करून मागच्या बाकाकडे बघावं तसं आमच्या कपाटाकडे बघतात. आणि पुन्हा एकपासून सुरू. दुपारपर्यंत हेच चालतं.

हसायला हरकत नाही, मीही आधी हसले. पण शाळेचा नियम आठव, हजेरी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. बाबा तो पाळतात. हजेरी संपत नाही म्हणून तोंडात घास घेत नाहीत. संध्याकाळी विसरले की दोन घोट दूध, एखादं बिस्किट. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती नळी किती दिवस चालेल ते सांगता येणार नाही.

मी आवाज जाड करून 'हजर सर' म्हणून पाहिलं. म्हणाले, "मुलींचा वर्ग वरच्या मजल्यावर."

बरोबरच होतं. मी त्यांच्या वर्गात कधीच नव्हते. आई स्वतः हेडमास्तरांना भेटून तसं ठरवून आली होती. का, ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तेव्हा मला कुठला तरी सतरा नंबर शोधायचा आहे. बाबांनी इतकी वर्षं शिकवलं, दर वर्षी एक सतरा नंबर असणारच. त्यातला एकजण रोज सकाळी फोनवर 'हजर सर' म्हणाला की बाबा अठराकडे जातील आणि जेवतील. एवढंच.

तुझी,
शेपूट

(ही हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून मीच लिहिलं.)


२४ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. एक शब्द. खाली सही नाही, 'कशी आहेस' नाही, तारीखसुद्धा टपालखात्याने घातली तेवढीच. कंजूषपणाची हद्द झाली. पण तू पाठवलंस, त्याबद्दल काही म्हणत नाही.

'गैरहजर.' इंग्रजी अक्षरांत टाईप केलं आणि साइट उघडली. मला हसू आलं. अख्खं वर्ष शाळा बुडवून घालवलेल्या माणसाने पासवर्ड बाकी झकास निवडला. आठवतं का, त्या वर्षी तुला परीक्षेला बसू दिलं नाही तेव्हा आई लोकांना कावीळ सांगायची. बाबा काहीच सांगायचे नाहीत. मी मात्र शेजारच्या पोरांना सांगायचे की माझा दादा शाळेला दांडी मारून पुलाखाली बसतो. त्यात मला केवढी फुशारकी वाटायची.

साइटची अवस्था सांगते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीत शिरावं तसं झालं. अभिप्रायाच्या पानावर केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती. कुणाची तरी स्कूटर अजून विकायला आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, त्यातल्या दोघांना तर मी पोचवून आले आहे. आणि सगळ्यात शेवटी बाबांच्या सत्काराचा विषय. किती जणांनी लिहिलंय, हॉल ठरतोय, शाल कुणी आणायची ते ठरतंय. मग कुणी तरी म्हणतं, व्यवस्थापकांनी, म्हणजे सरांच्या चिरंजीवांनीच, सरांविषयी दोन शब्द लिहावेत. त्याच्याखाली काही नाही. साइट तिथेच मेली.

स्वतःच्या बापाविषयी दोन शब्द तुझ्याच्याने निघाले नाहीत, दादा. तू आळशी आहेस हे ठाऊक होतं, इतका असशील असं वाटलं नव्हतं.

असो. जाहिराती पुसल्या. 'हजेरी' नावाचा नवा विषय उघडला: आपलं साल, वर्ग आणि नंबर लिहा, सतरा नंबरवाल्यांनी आधी. मग एकेकाला फोन लावायला बसले. सगळे आपापल्या फोनवरच्या ग्रुपात एकमेकांना फुलं पाठवण्यात गर्क आहेत. वेबसाइट म्हटलं की कुणी तरी वारल्याची बातमी दिल्यासारखे गप्प होतात. एकाने विचारलं, "त्यात फोटो टाकता येतात का?" मी येतात म्हणाले. म्हणाला, बघतो. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत हाच उद्योग चालू असतो. मालक म्हणतो, बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या आहात का?

अजून हजेरीत एकच नाव लागलंय. माझं.

शेपूट


१५ मार्च

दादा,

लोक येऊ लागले. आधी थेंब थेंब, मग एकाने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता रोज दोन-चार तरी हजेऱ्या लागतात. कुणी 'हजर' लिहितं, कुणी 'हजर, पण गृहपाठ नाही'. कुणाची मुलगी लिहिते की बाबा आता नाहीत, त्यांचा नंबर बावीस होता. त्या ओळीखाली कुणी काही लिहीत नाही, पण दिवसभर लोक येऊन वाचून जातात, तो आकडा मला दिसतो.

सतरा नंबर तिघे मिळाले. एकाचं औषधाचं दुकान आहे, एक जहाजावर आचारी होता, तिसरा निवृत्त होऊन मुलाकडे राहतो. तिघेही भले. रोज ठरल्या वेळी फोन करायचे. मी फोन बाबांच्या मांडीवर ठेवायचे. बाबा सतरा म्हणायचे, फोनमधून मोठ्याने आवाज यायचा, "हजर सर." आणि बाबा मान हलवायचे.

"हा नाही."

औषधवाला तर फोन ठेवेना. म्हणाला, सरांनी मला अपूर्णांक शिकवले आणि ते मला ओळखत नाहीत. त्याला काय सांगणार? मलाही ओळखत नाहीत.

लोकांनी बाबांविषयी खूप चांगलं लिहिलंय. मी त्यांना वाचून दाखवते, मधे माझ्या पदरचं घालते, अमका म्हणतो सरांमुळे मी माणूस झालो वगैरे. तुला हे आवडणार नाही ठाऊक आहे. पण खोटं बोलून घास पोटात जाणार असेल तर मी दिवसभर खोटं बोलेन. गेला नाही. बाबा ऐकत नाहीत, कपाटाकडे बघत असतात.

वजनकाट्याची गरज मला पडत नाही. कवळीवरून कळतं. माणूस वाळला की हिरड्या आक्रसतात आणि दात सैल होतात. महिन्यात दोनदा आतून मऊ अस्तर भरलं. परवा 'बारा' म्हणताना वरची कवळी खाली आली. त्यांनी ती अंगठ्याने परत वर ढकलली आणि तेरा म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लॅबमध्ये एका गिऱ्हाईकाची कवळी दुसऱ्याच्या साच्यावर बसवून ठेवली, मालकाने पहिल्यांदा आवाज चढवला. त्याचं चुकलं नाही.

एक बातमी मात्र चांगली आहे. हजेरीत तुझ्या वर्गातला ढब्बू उगवला. 'पाच, हजर, पूर्वीपेक्षा जास्त जागा व्यापून.' ड्रायव्हिंग स्कूल चालवतो म्हणे. नवशिक्यांच्या शेजारी बसून रोज मरता मरता वाचतो. तुझ्याविषयी विचारलं, मी म्हटलं मजेत आहे. मी काय सांगणार, मला तरी काय माहीत!

त्याला घरी बोलावलंय. फोनवर आवाज नीट कळत नसेल, समोर धिप्पाड माणूस उभा राहून सतराला 'हजर सर' म्हणाला तर बाबा मानतील, असा माझा डाव आहे. ढब्बू हो म्हणाला. जरा वेळ लावून म्हणाला.

शेपूट


३० मार्च

दादा,

तू मला का सांगितलं नाहीस?

ढब्बू रविवारी आला. गाडीवर मोठं 'शिकाऊ' लिहिलेलं, दोघांनाही ब्रेक. बाबांचे दात बसवले. हजेरी सुरू झाली. मी ढब्बूला दाराशी उभा केला होता. सोळा झाले. बाबा म्हणाले, "सतरा." मी ढब्बूला कोपराने ढोसलं. तो घसा साफ करून म्हणाला, "हजर सर."

बाबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू पाच. खाली बस."

आणि तो एवढा मोठा माणूस खाली बसला. खुर्ची जवळ नव्हती, जमिनीवरच बसला. मला हसायला येत होतं तोवर मी त्याचा चेहरा पाहिला. बाबांनी पुन्हा 'सतरा' म्हटलं, कपाटाकडे पाहिलं, आणि ढब्बू उठून बाहेर गेला. मी मागे गेले. गाडीत बसला होता, गिऱ्हाईकाच्या जागेवर. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाला, "शेपटे, तुला खरंच माहीत नाही का गं? सतरा तुझा दादा होता."

मग त्याने सांगितलं. तुला तुझीच गोष्ट सांगायची म्हणजे मूर्खपणा आहे, पण मी कुठवर ऐकलंय ते तुला कळायला हवं.

बाबा तुझे वर्गशिक्षक झाले तो पहिला दिवस. सतरा म्हटल्यावर तू उठलास आणि तुझ्या तोंडून गेलं, 'हजर, बाबा.' घरची सवय. अख्खा वर्ग खो खो हसला. बाबा लाल झाले. म्हणाले, "इथे तुझा बाबा कुणी नाही. वर्गाची माफी माग, मग तुझा नंबर घेईन." तू मागितली नाहीस. दुसऱ्या दिवशी बाबांनी सोळानंतर अठरा घेतला. तिसऱ्या दिवशी तेच. आणि वर्षभर तेच.

ढब्बू म्हणाला, सोळा झालं की तू उठून उभा राहायचास. कुणी न बोलावता. अठरा म्हटलं की खाली बसायचास. आठवडाभर पोरं हसली, नंतर कुणी हसेना. इतर तासांना तू असायचास, वह्या पूर्ण असायच्या, चाचणीत मार्क असायचे. हजेरीपट तेवढा वर्गशिक्षकाचा, आणि हजेरीपटावर तू एकही दिवस नव्हतास. वर्षअखेरीला हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. हेडमास्तर म्हणाले म्हणे, बापलेकाचं आहे, मी मधे कुठे पडू?

"आम्ही सगळे होतो तिथे," ढब्बू म्हणाला. "चाळीस पोरं. एकानेही सांगितलं नाही की तो रोज येतो."

दादा, तू पुलाखाली कधी बसलाच नाहीस.

वर आले तेव्हा बाबांचं पुन्हा एकपासून चाललं होतं. मी त्यांचे दात काढून घेतले. हजेरीच्या मधे. ते माझ्याकडे बघत राहिले. तोंड आत गेलेलं, ओठ हलत होते, नंबर ऐकू येत नव्हते. मला वाईट वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत वाईट वाटलं नाही, हे खरं लिहिते.


८ एप्रिल

दादा,

मागचं पत्र रागात टाकलं, शेवटी नावही लिहिलं नव्हतं. राग कुणाचा ते अजून ठरत नाही. बाबांचा आहे. आईचाही आहे. बाबांनी मला एकही विषय शिकवायचा नाही हे ती हेडमास्तरांकडून कबूल करून आली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मला वाचवलंन, तुला कावीळ लावलीन. आणि तुझाही आहे. तोंड उघडून एकदा 'माफ करा' म्हटलं असतंस तर काय झडलं असतं? तेरा वर्षांच्या पोराला हे विचारणं बरोबर नाही, मला कळतं. पण बाप तसा बेटा. एकाने नंबर घेतला नाही, दुसऱ्याने माफी मागितली नाही, आणि दोघांच्या मधे आम्ही दोघी वर्षानुवर्षं जेवणं वाढत राहिलो.

आता पासवर्ड कळला. सत्काराखाली तू काही का लिहिलं नाहीस तेही कळलं. आळशी म्हटलं ते परत घेते.

साइटवर काय झालं ते सांगते, कारण मी केलं ते चांगलं केलं नाही. ढब्बूने हजेरीत सगळं लिहिलं. कुणाला नावं ठेवली नाहीत. आमच्या वर्गात सतरा नंबर रोज हजर होता आणि आम्ही गप्प बसलो, असं. मी सकाळी वाचलं आणि पुसून टाकलं. इतकी माणसं बाबांना देव मानतात, शेवटच्या दिवसांत त्यांची शोभा कशाला, असं मनाशी म्हटलं. दुपारी ढब्बूचा फोन आला. ओरडला नाही. म्हणाला, "तू पण का गं?"

तेवढंच. मी घरी येऊन ते परत लावलं. त्याच्याखाली आता तुझ्या वर्गातले लिहिताहेत. नऊ नंबर लिहितो, मी तुझ्या शेजारी बसायचो, तू उठलास की बाक हलायचा, अजून कुणी शेजारून उठलं की मला तसंच होतं. एकतीस लिहितो, पहिल्या दिवशी सगळ्यात आधी मी हसलो. सत्काराची शाल ज्याने आणली होती तो लिहितो की शाल त्याच्याकडेच पडून आहे. बाकीचे बरेच निघून गेले. औषधवाला म्हणाला, ताई, मला हे वाचायचं नव्हतं. त्याचा फोन आता येत नाही. म्हणजे साइट जिवंत झाली ती अशी. मला वाटलं होतं जुने दिवस आठवून लोक हसतील.

आता मागणं. बाबांनी गेल्या चार दिवसांत पाण्याखेरीज जवळजवळ काही घेतलेलं नाही. नळीसाठी डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू बघ. त्यांना ते कळणारही नाही. मी दमले आहे म्हणून मागते. रविवारी सकाळी हजेरीच्या वेळी फोन कर. 'हजर' म्हण आणि ठेवून दे. पुढे 'सर' म्हण, नाही तर काहीच म्हणू नकोस. माझा नंबर खाली लिहिते आहे. वर्षभर ज्याच्यासाठी उभा राहिलास तो नंबर ते आता रोज पुकारताहेत, दादा.

शेपूट


२१ एप्रिल

दादा,

तू फोन केलास.

मी 'हॅलो' म्हणाले आणि तू 'हं' म्हणालास. आई गेली तेव्हाच्या फोननंतर तुझा ऐकलेला हा पहिला आवाज. तेवढ्यावरून मी ओळखलं. पुढे काही बोलले नाही, बोलले असते तर तू ठेवला असतास. फोनचा आवाज मोठा करून बाबांच्या मांडीवर ठेवला. ढब्बू दाराशी होता, या वेळी खुर्ची घेऊन.

सोळापर्यंत तू ऐकलंस. तुझा श्वास आम्हाला ऐकू येत होता. बाबांचा आवाज किती बारीक झालाय तेही तुला कळलं असेल. 'सतरा' म्हणाले आणि तू फोन ठेवलास.

पडदा काळा झाला तो मी पाहिला, ढब्बूने पाहिला. मी त्या क्षणी तुला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. आता म्हणत नाही. तुझ्या जागी मी फोन केलाच नसता.

यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र. आणि मी खोटी आहे हे मीच तुला आधीच्या पत्रांत लिहून दिलंय. पदरचं घालते, नको ते पुसते. तेव्हा तुला वाटेल हेही मी रचलं. म्हणून ढब्बूला खाली दोन ओळी लिहायला लावल्या आहेत.

बाबा थांबले. कपाटाकडे बघत होते. मला वाटलं आता पुन्हा एक. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले आणि उठायला लागले. मी धरायला गेले तर ढब्बूने मला मागे ओढलं. बाबा उभे राहिले. स्वतःच्या पायांवर, महिन्याभरात पहिल्यांदा. आणि म्हणाले,

"हजर, बाबा."

आवाज सरांचा नव्हता. बारीक होता, पोराने म्हणावं तसा. मग तसेच उभे राहिले. कुणी हसलं नाही. खोलीत आम्ही दोघेच होतो, आणि ढब्बूने तोंडावर हात दाबून धरला होता. किती वेळ उभे होते सांगता येत नाही. मग हळूच खाली बसले, बोटाने खुर्चीच्या हातावर खूण केली आणि म्हणाले, "अठरा."

अठरापासून शेवटपर्यंत घेतली. तिसानंतर आवाज अगदीच गेला, नुसते ओठ हलत होते. संपल्यावर त्यांनी स्वतः दात काढले आणि वाटीत ठेवले. मी सूप आणलं. अर्धी वाटी घेतली. ओठांवरून ओघळलं ते मी पुसलं, तर माझा हात धरून ठेवला. कोण समजून धरला कुणास ठाऊक!

तेव्हापासून त्यांनी हजेरी घेतलेली नाही. दात मागत नाहीत. सकाळी खुर्चीत बसतात आणि बाहेर बघतात. भरवलं तर खातात, चिमणीएवढं. नळी सध्या टळली. पण डॉक्टर म्हणाले आता हे उतरणीचंच आहे, मनाची तयारी ठेवा. माझी आहे. घर फार शांत झालंय. ज्या आकड्यांना मी दोन महिने शिव्या दिल्या, सकाळी कान तिकडेच लागलेले असतात.

ते तुझ्यासाठी उठले की त्यांच्या डोक्यात ते स्वतःच सतरा झाले होते, मला सांगता येत नाही. ढब्बू म्हणतो माफी मागितली. मला तसं वाटत नाही. बाबांना माफी मागता येत नव्हती, तुलाही येत नाही. एवढं मात्र खरं की वर्षभर जो एक शब्द त्यांनी ऐकून घेतला नाही तो त्यांच्याच तोंडून निघाला, आणि तो तू सोडून सगळ्यांनी ऐकला. म्हणून मी तुला हे लिहायला बसले. तू तिथे असायला हवा होतास असं म्हणत नाही. तू पुष्कळ दिवस होतास.

साइटवर तुझ्या वर्गाची हजेरी आता पुरी लागली आहे. जे गेले त्यांच्या घरच्यांनी लावली. सोळाच्या खाली एक ओळ रिकामी आहे, मग अठरा. ढब्बू तुझ्या वतीने लिहायला निघाला होता. मी लिहू दिलं नाही. कुणालाच देणार नाही. ती रिकामीच राहिली तरी चालेल.

पासवर्ड अजून तोच आहे. साइट मी चालवते, पण तो शब्द मी बदललेला नाही. तो तू लावलेला आहे. बदलायचा तर तूच बदल.

तुझी,
शेपूट

(मित्रा, मी तिथे होतो. ती लिहिते ते तसंच झालं, शब्द तेच. मी बसून होतो, उठायला हवं होतं तेव्हाही बसूनच होतो. – पाच)